म्हापशाची हवा

इनासने काचेवर तीन पंप मांडले
आणि हात पुसत बाजूला उभा राहिला,
स्थळं दाखवणाऱ्या मामासारखा.

पहिला तळहाताएवढा, चकचकीत.
"खिशात मावतो, बाय. शंभर ग्रॅमसुद्धा नाही."
वजनाचं मला सांगू नकोस, इनास.
मी बावन्न वर्षांची, पंचायतीत कारकून,
सामान सायकल वाहणार आहे, मी नाही.
उजवा खांदा कुरकुरतो, त्याच्याशी बोल.
किती वेळा दाबायचं?
"तीनशे," तो म्हणाला. मग छताकडे बघत,
"साडेतीनशे धरा."

दुसरा बॅटरीवाला.
आकडा लावायचा, बटण दाबायचं,
दाढीच्या मशीनसारखा घुर्र करत भरतो.
मोह झाला, खोटं कशाला बोलू.
पण रात्री फोन चार्जिंगला लावायला विसरणारी बाई मी,
हा पठ्ठ्या सांग्याच्या पुढे कुठेतरी
शेवटचा लाल दिवा दाखवून झोपणार.

तिसरा वीतभराहून मोठा,
काळा, कुरूप, कोपऱ्यावर किंमत खोडलेली.
पोटातून रबरी नळी निघते,
खाली पाऊल ठेवायला दुमडती पट्टी,
मूठ आडवी उघडते.
नळीवर इनास पोटतिडकीने बोलला:
थेट वॉल्व्हवर बसणारे पंप
प्रत्येक धक्क्याला त्याची मान पिरगळतात,
एक दिवस मोडते ती,
मग पंप आहे, हवा आहे,
मान नाही.

इतक्यात लाईट गेली.
कॉम्प्रेसर दम लागल्यासारखा थांबला
आणि नेमका तेव्हाच बसू पोदेर
सायकल ढकलत दारात.
मागचं चाक चपटं, टोपलीत संध्याकाळचे उंडे,
निळ्या प्लास्टिकखाली अजून ऊन.
"बेगीन, इनासबाब," त्याची कोंकणी
बेळगावच्या पलीकडून वळण घेऊन येते,
"पाव थंड झाला की गिऱ्हाईक तोंड फिरवतं."

इनासने खिळा काढला, ठिगळ लावलं,
आणि माझ्याकडे पाहिलं.
"तुमचा वॉल्व्ह न् याचा, दोघांनाही हेच तोंड बसतं.
भरा. दुकानात पंप निवडतात होय!"

चांदीवाला ऐंशीपर्यंत गोड बोलला.
पुढे असा तापला की
पदरात धरून दाबावा लागला,
टायर मात्र शिळ्या पोळीसारखा.
बॅटरीवाल्याची खोक्यातली बॅटरी रिकामी.
बसू हसला. मग मलाही आलं.

कुरूपाची पट्टी पावलाखाली धरली,
कंबरेतून वाकले, खांद्याला विचारलंच नाही,
माझं वजन, इतकी वर्षं मी ज्याला बोल लावला,
ते पहिल्यांदा कामाला आलं.
एकशे चाळीसला बसूने अंगठ्याने टायर दाबला
आणि न बोलता दोन उंडे माझ्या पिशवीत टाकले.
पैसे घेईना. हॉर्न वाजवत
खोर्लीच्या दिशेने गेला.

बाटलीच्या बाजूला पंप बांधून मी निघाले:
चोडणची फेरीबोट, सांग्यातली एक रात्र,
खाणीच्या ट्रकांनी लाल केलेले रस्ते,
केप्याला चहा, मग करमलचा घाट.
चार दिवस.
एक काटा नाही, एक खिळा नाही,
काचही माझ्या वाटेतून सरकून बसलेली.

सांगायला लाज वाटते,
पण घाटमाथ्यावर मी थांबले,
चाकाची छोटी चकती सैल केली
आणि म्हापशाची हवा सोडून दिली.
ती गेली फुस्स करत, रानात,
तिला उंड्यांचा वास होता असं
मी घरी सांगते, कुणी मानत नाही.

मग पट्टीवर पाऊल ठेवलं
आणि करमलची भरायला लागले.
एक, दोन, सतरा, साठ.
एकशे अकराला एक माकडीण
पिल्लू पोटाशी घेऊन समोर बसली,
माझ्याबरोबर मान वरखाली करू लागली,
आणि आकडा चुकला.

अंगठ्याने दाबून पाहिलं.
अजून थोडी लागेल.